न झालेल्या अपघातांचा मानकरी

जे अपघात झालेच नाहीत त्यांच्याबद्दल पुतळे उभारायची पद्धत आपल्याकडे असती, तर पहिला पुतळा माझ्या साडूंचा उभा राहिला असता. अर्थात चौथऱ्याची उंची, त्याला कठडा नसणं आणि डोक्यावर बसणारी कबुतरं या तीन मुद्द्यांवर त्यांनी अनावरणाआधीच लेखी हरकत घेतली असती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. घर भाईंदरच्या नवघरात. नोकरी मात्र राज्यातल्या अशा एका लहानशा विमानतळावर, जिथे दिवसाला दोन विमानं उतरायची आणि उरलेला वेळ सगळे कर्मचारी त्या दोन विमानांबद्दल बोलायचे. विमान आकाशात असताना त्याची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. ते जमिनीवर उभं असताना कुणी त्याच्या पंख्यात, झोतात किंवा चाकाखाली सापडू नये, हे बघणं साडूंचं काम. "माणूस वर गेला की घाबरतो आणि खाली आला की बेसावध होतो," असं ते म्हणत. "म्हणून आपली नेमणूक खाली."

ही नेमणूक सुट्टीतही त्यांच्या अंगावरून उतरत नसे. घरातल्या टेबलफॅनच्या समोरून ते कधी गेले नाहीत. मागून वळसा घालत आणि पाहुण्यांनाही हाताने तोच मार्ग दाखवत. "अहो, बंद आहे तो!" ताई स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "बंद दिसतोय," साडू शांतपणे म्हणत, "बंद आहे की नाही ते बटण बघितल्याशिवाय सांगता येत नाही." इमारतीखाली उभ्या असलेल्या प्रत्येक स्कूटरच्या चाकाखाली ते विटेचा तुकडा सारून ठेवायचे. त्यामुळे त्यांची सुट्टी कधी असते, हे साऱ्या इमारतीला सकाळी गाडी ढकलतानाच कळे. काशीमीऱ्याच्या नाक्यावर एखादं वाहन मागे येताना दिसलं की हे दोन्ही हात वर करून त्याच्यामागे उभे. एकदा एक टेम्पोवाला वैतागून म्हणाला, "चाचा, ये टेम्पो है, प्लेन नहीं!" साडू हात खाली न घेता म्हणाले, "इसीलिए तो खडा हूँ. प्लेनवाला मेरी सुनता है!"

त्यांचं निम्मं शास्त्र प्रशिक्षणातून आलेलं होतं आणि निम्मं आईकडून. जन्म कोळ्याच्या घरातला. विमानतळावर घारी फार झाल्या, तेव्हा साहेब लोक आवाज करणारी यंत्रं मागवायच्या विचारात होते. साडूंनी उपाहारगृहामागे उघड्यावर पडणारं उष्टं तेवढं झाकायला लावलं. आठवड्याभरात घारी गेल्या. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं साहेबांनी विचारलं, पण ते पुस्तक नव्हतंच. लहानपणी अंगणात सुकट वाळत घातली की आई त्यांना राखणीला बसवायची आणि सांगायची, "घारीवर वरडून काय व्हनार न्हाय. मासली झाक, घार आपली जाते."

निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांच्या विमानतळावर एक फार मोठे पाहुणे येणार होते, पंख्याच्या छोट्या विमानाने. मोठ्या माणसाला साधेपणाने भेटायला आपल्याकडे फार धैर्य लागतं, आणि स्वागत समितीत ते कुणाकडेच नव्हतं. समितीने पाकळ्यांची रांगोळी आणली, फुग्यांची कमान आणली आणि चाळीस हात लांबीचा लाल गालिचा आणला. हे सगळं विमान येण्याआधी, शिडी उघडते नेमक्या त्या जागेपर्यंत मांडायचं होतं. रांगोळी आणि कमान साडूंनी सकाळीच इमारतीच्या आत हलवली. राहिला गालिचा. मला त्यांनी पाहुण्यांच्या रांगेचा पास मिळवून दिला होता, कानात कापूस घालायच्या अटीवर. पण विमान अजून यायचं होतं आणि कापूस खिशातच होता, त्यामुळे पुढचं सगळं मला नीट ऐकू आलं.

"पंखे थांबेपर्यंत गालिचा उलगडायचा नाही," साडू म्हणाले.

"अहो, मग साहेब उतरल्यावर पाय कुठे ठेवतील?" समितीच्या फेटेवाल्या अध्यक्षांनी विचारलं.

"जमिनीवर. आम्ही सगळे तिथेच ठेवतो."

विमानतळाच्या साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "कशाला हट्ट करताय? आठ महिने राहिलेत. आज ऐकलं नाहीत, तर उद्यापासून पासाच्या खिडकीवर बसवीन. धावपट्टीवर पाऊल ठेवायचं नाही."

हा घाव कुठे बसला ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी पहिलं विमान यायच्या आधी साडू धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान खाली घालून चालत. खडा, खिळा, स्क्रू, जे दिसेल ते उचलत. एवढासा खडा इंजिनात गेला तरी इंजिन बाद होऊ शकतं. तीस वर्षं त्यांनी दुसरी कुठलीही पूजा केली नव्हती.

साडूंनी सगळं ऐकून घेतलं. गालिच्याची गुंडाळी दोरीने आवळली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. "बसवा खिडकीवर," एवढंच म्हणाले.

विमान आलं, वळलं, आणि पंख्यांचा झोत आमच्या रांगेवरून गेला. अध्यक्षांचा फेटा सुटून पार कुंपणाला जाऊन अडकला. सगळ्यांनी फेट्याकडे पाहिलं, गालिच्याकडे कुणीच पाहिलं नाही. पंखे थांबले. साडू उठले, दोरी सोडली आणि एका धक्क्यात गालिचा सरळ शिडीपर्यंत नेला. पाहुणे फोनवर बोलत उतरले आणि गालिच्याच्या कडेने, जमिनीवरूनच चालत गेले.

दुसऱ्या दिवशी साडू पासाच्या खिडकीवर होते.

"वर अर्ज करू या," मी चिडून म्हणालो. "मी लिहितो."

"काय लिहिणार साडूभाऊ? गालिचा उडाला नाही, अशी तक्रार?"

मी पेन परत खिशाला लावलं. उभ्या आयुष्यात मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आठ महिन्यांनी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाली. त्याच साहेबांनी शिस्तीवर वीस मिनिटं सांगितलं. साडूंना दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा ते म्हणाले, "मला एकदा धावपट्टीवरून चालू द्या." साहेबांनी मान खाली घातली, मग स्वतःच्या हाताने पास लिहून दिला.

त्या दिवसाचं दुसरं विमान निघून गेलं होतं. ताई, माझी बायको आणि मी कुंपणाशी उभे राहिलो. साडू चालत चालत लहान झाले, टिंबाएवढे झाले, आणि तासाभराने पुन्हा मोठे होत परत आले.

"काय मिळालं?" ताईंनी विचारलं.

त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. "काही नाही. एक खडासुद्धा नाही. नवी माणसं नीट बघतायत." चेहरा असा फुललेला, की जणू मुलगा पहिला आला होता.

मग ते पुन्हा धावपट्टीकडे वळले. "मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "एखादा तरी माझ्यासाठी राहिला असेल."