बेटावरचे मसण

लढाईवरून परतलेला, कृष्णाकाठच्या आमच्या गावचा तो शिपाई पावले मोजूनच चाले. एका बेटावरचे बंदराचे गाव त्याने पायी पाहिले होते. पारावर बसून तो तिथल्या गल्ल्या सांगे. साहेबाच्या फौजेत गेलेल्यांचा मला राग होता. त्याच्या गोष्टी मी तोंड फिरवूनच ऐकत असे.

एकदा शेजारच्या गावची म्हातारी आली. तिचा मुलगाही फौजेत होता, तो त्याच बेटावर वारला होता.

"माझं पोर कुठं जाळलं, दाव की रं."

तो उठला. "चला आई, चालतच जाऊ."

मारुतीच्या देवळाला त्याने बंदराचा धक्का ठरवले. "हितं बोट लागती. आता चढ हाय, हळू." मग दोनशे पावलांवर बाजार, डावीकडे किल्ल्याची भिंत, पुढे उतार. नदीकाठी तो थांबला. "हितं."

म्हातारी खाली बसली, मातीवर हात ठेवून म्हणाली, "जवळ कोन हुतं?"

"मी हुतो, आई."

तिच्या पोराला जाळले त्या दिवशी तो तिथल्या इस्पितळात बेशुद्ध होता, हे त्यानेच मला सांगितले होते.

म्हातारी माझ्याकडे वळली. "खरं सांगतोय न्हवं ह्यो?"

"व्हय आजी," मी म्हणालो.