गजकला हिंदी येत नाही

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. जयेंद्रगंज, ग्वाल्हेर.
हजर : १) मी, अनघा, वय चौपन्न. २) माझे धाकटे दीर मिलिंदभाऊजी, वय सेहेचाळीस. ३) गजक, कुत्रा, वजन पाच किलो दोनशे ग्रॅम.
गाडी : लाल स्पोर्ट्स कार, जुनी, दोन सीटची.

आधीच स्पष्ट सांगते. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते आणि वाचून झालं की बहुतेक वेळा हसते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी एका शाळेचा परीक्षा विभाग सांभाळते. पेपर किती आले, किती वाटले, किती उरले — बेरीज जुळल्याशिवाय मी घरी जात नाही. त्या सकाळची बेरीज मात्र अजून जुळलेली नाही, म्हणून लिहितेय.

गजक माझ्या सासूबाईंचा. सहा वर्षांपूर्वी नई सडकवर गजकच्या, म्हणजे तीळ-गुळाच्या मिठाईच्या, दुकानाबाहेर पोत्यावर झोपलेलं पिल्लू त्यांनी पदरात घालून आणलं. रंग अगदी तिळाच्या गजकचा, म्हणून नाव ते. आई राहतात मिलिंदभाऊजींकडे जयेंद्रगंजला. आम्ही दर्पण कॉलनीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक घरात एकमेकांशी मराठी बोलतो, पण कुत्र्याशी हिंदी. का ते विचारू नका. पाहुण्यांना 'बसा', कुत्र्याला 'बैठ'. माझ्या माहेरीही असंच होतं. बाबांनी पाळलेल्या एकेका कुत्र्याला मी हिंदीतच वाढवलंय. आईंनी मात्र गजकच्या बाबतीत नियम केला. "नातवंडं सगळी हिंदीत घसरली. निदान हा तरी मराठी राहू दे." त्यामुळे गजकला बस, ये, नको, सोड एवढंच कळतं. 'आजा' म्हटलं की तो मागे वळून बघतो, दुसऱ्या कुणाला बोलावताहेत का म्हणून.

जानेवारीत आई पाय मुरगळून पडल्या. नणंदेने त्यांना झांशीला नेलं. तिथे त्या जेवेनात. "माझा गजक आणा", एवढंच. आमच्या ह्यांना त्या रविवारी सुट्टी नव्हती. मिलिंदभाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसा, मी दीड तासात झांशीला सोडतो. नवीन गाडी आहे, मज्जा येईल."

नवीन म्हणजे त्यांना नवीन. तीन हात फिरून आलेली. घेतली तेव्हा त्यांची बायको शिल्पा म्हणाली होती, "घरात माणसं पाच, सीटा दोन. बाकीच्यांना काय बोनेटवर बसवणार?" भाऊजी हसले नव्हते. त्यांना राग लवकर येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याला वळसा घालून चालायची आम्हाला सवय झाली आहे.

माझी यादी अशी होती : आईंची औषधं, टॉवेल, पाण्याची वाटी, गजकची जाळीची बॅग, बॅगेची झिप बंद. झिप सैल होती, आपोआप सरकायची, म्हणून दोन्ही रनरमधून मी एक सेफ्टी पिन घातली.

दार उघडलं तेव्हा गजक खाली होता. त्याने गाडीत डोकावलं... आणि पाठीवर लोळला. पोट वर, शेपूट पोटाशी. हे तो फक्त गल्लीतल्या एका मोठ्या काळ्या कुत्र्यासमोर करतो. गाडी रिकामी होती. मी त्याला उचलून बॅगेत घातलं, पिन लावली, आत बसले. सीट गरम होती. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी, गाडी आठवडाभर कव्हरखाली, आणि सीट अशी गरम — जसं कुणी आत्ताच उठून गेलंय.

"सीट हीटर असेल," भाऊजी म्हणाले. "पुराने लोग क्या चीज बनाते थे, वहिनी!"

ठीक आहे, मी म्हटलं. हीटर.

सिथौलीपर्यंत सगळं नीट होतं. दोन्ही बाजूंना सरसों फुललेली, भाऊजींनी काचा बंद करून गाणी लावली होती. पुढे गेल्यावर गजकने उलटी केली. सकाळची दूध-पोळी. बॅगेच्या तळातून थोडी माझ्या साडीवर आली, थोडी सीटवर ओघळली.

"हे काय? वहिनी, हे काय आहे?"

"उलटी केली हो त्याने. टॉवेल आहे, पुसते."

"लेदर आहे ते! असली लेदर!"

त्यांनी करकचून गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच, पाय ब्रेकवर. डाव्या हाताने बॅगेवर एक फटका मारला. गजक केकाटला. केकाटला म्हणून दुसरा.

"भाऊजी, राहू द्या."

"तुम्ही मध्ये बोलू नका. आईने लाडावून ठेवलंय. आज बताता हूँ इसको."

दोन सीटांच्या मध्ये त्यांची स्टीलची पाण्याची बाटली होती, भरलेली. ती उचलून त्यांनी बॅगेवर मारली. बॅग माझ्या मांडीवर होती. तो मार मला माझ्या हाडात कळला. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. मग गजकचा आवाजच बंद झाला.

मी परीक्षेच्या हॉलमध्ये तीनशे मुलांना एका शब्दात गप्प करते. त्या गाडीत मी वहिनी होते. मी फक्त "अहो" म्हटलं.

भाऊजींनी तिसऱ्यांदा हात उचलला. तो खाली आला नाही.

आधी गुरगुर आली. कानांच्या आधी ती माझ्या तळपायांना कळली, गाडीचा पत्रा थरथरला तशी. माझ्या दोन पायांच्या मधून. मग भाऊजींच्या जॅकेटची बाही मनगटाच्या वर, वरून-खालून एकदम दाबली गेली. मी एक फुटावरून बघत होते. तिथे काही नव्हतं. बाहीत खड्डे पडले, खड्ड्यांची भोकं झाली आणि भोकांतून रक्त आलं. बाटली माझ्या गुडघ्यावर आपटली. भाऊजी ओरडले — तसा आवाज मी मोठ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता — आणि त्यांचा हात खाली खेचला गेला.

मग झटके सुरू झाले. उंदीर पकडल्यावर कुत्रा मान कशी झटकतो, तसे. नव्वद किलोचा माणूस. त्यांचं डोकं उजवीकडच्या काचेवर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काचेला तडा गेला. रक्त छतापर्यंत उडालं, माझ्या चष्म्यावर आलं. त्यांचा पाय ब्रेकवरून सुटून दुसऱ्या पेडलवर पडला. गाडी उडी मारून रस्त्याखाली गेली, नाक खड्ड्यात, पुढे सगळी पिवळी सरसों. माझं कपाळ डॅशबोर्डवर फुटलं. इंजिन बंद पडलं.

झटके बंद झाले नाहीत.

"सोड!" मी ओरडले. "गजक, सोड! सोड!"

आणि ओरडतानाच कळलं, की गजक माझ्या मांडीवर आहे. बॅगेत. जाळीतून त्याचं ओलं नाक माझ्या तळव्याला लागत होतं. त्याच्या तोंडात सोडायला काहीच नव्हतं.

भाऊजींच्या हाताचं मांस आता दिसत होतं. ते "वहिनी, वहिनी" करत होते. मला काय सुचलं माहीत नाही. माहेरच्या अंगणात ओरडायचे त्या आवाजात मी ओरडले, "छोड़! छोड़ दे!"

सोडलं.

त्याच क्षणी. भाऊजींचा हात धप्पकन सीटवर पडला.

"बैठ," मी म्हटलं.

आणि माझ्या पायांवर काहीतरी बसलं. जड. गरम. दोन्ही पावलांवर, हळूहळू, आधी पुढचा भाग, मग मागचा. मला धाप ऐकू येत होती. ती भाऊजींची नव्हती. भाऊजी बेशुद्ध झाले होते. मी पाय हलवला नाही. साडीचा पदर फाडून त्यांच्या दंडावर आवळला, एवढं हातांनी जमलं.

दहा-बारा मिनिटांनी एक ट्रॅक्टरवाले काका थांबले. दार उघडून त्यांनी आत बघितलं.

"अरे राम! भैया को किसने फाड़ दिया? कुत्ता कहाँ गया?"

मी बॅग दाखवली. त्यांनी वाकून जाळीतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ये? मॅडम, ये तो चूहे से डर जाए."

मी पाय बाहेर ओढले. कुणाच्या तरी अंगाखालून ओढावे लागतात, तसे.

आता नोंदी.

एक. इस्पितळात डॉक्टरांनी जखम धुतली, सत्तावीस टाके घातले. मी पर्समधली सहा इंची पट्टी काढली तर ते चिडले, पण मोजू दिलं. सुळ्यांच्या दोन खुणांमध्ये पावणेपाच सेंटिमीटर. "बडा डॉग है," ते म्हणाले, "शेफर्ड से छोटा नहीं होगा." दोन. जनावरांच्या डॉक्टरकडे गजकची बॅग मी उघडलीच नाही, साक्षीला म्हणून त्यांच्या मदतनीस बाईंना उघडायला लावली. पिन जागेवर होती, वाकलेली. जाळी शाबूत. गजकची एक बरगडी मोडलेली. त्याच्या सुळ्यांमधलं अंतर मोजलं — दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. त्याच्या तोंडाला रक्त नव्हतं.

तीन दिवसांनी जयेंद्रगंजला सगळे बसलो. भाऊजींचा हात गळ्यात. त्यांनी घरी सांगितलं होतं की गजक चावला. शिल्पाचे डोळे रडून रडून सुजले होते.

"वहिनी, झिप उघडी राहिली असेल," भाऊजी म्हणाले. "तुम्ही यादीवर टिक आधीच करून ठेवता, मी बघितलंय."

हे खरं आहे. मी स्वयंपाकघरातच टिक करून मोकळी होते. काम मग करते. पस्तीस वर्षांची खोड.

"मुलं आहेत घरात," शिल्पा म्हणाली. "आज यांना, उद्या मुलांना. डॉक्टर एक इंजेक्शन देतात म्हणे. त्रास नाही होत."

"एक सुई, किस्सा खतम," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

आमचे हे म्हणाले, "अनघा, घरातली गोष्ट आहे. जाऊ दे ना. आईला सांगू, पळून गेला."

मी पर्स उघडली. टेबलावर वाकलेली पिन ठेवली, पट्टी ठेवली, आणि ती बाटली. बाटलीला दोन पोचे होते.

"दोनदा मारलं तुम्ही त्याला भाऊजी. या बाटलीने. तिसऱ्यांदा हात उचलला होता. गजक पूर्ण वेळ बॅगेत होता. आणि मी बघत बसले, तेही सांगते."

शिल्पाने बाटली उचलली. पोच्यावरून अंगठा फिरवला. मग नवऱ्याकडे बघितलं. तशी नजर मला तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच दिसली. त्या घरात याआधी आणखी कुणी कुणी मार खाल्लाय, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग भाऊजी हळूच म्हणाले, "मग कोण होतं, वहिनी?"

"माहीत नाही."

"मला त्याचा श्वास लागला होता... इथे." त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "तुम्ही ओरडला नसता तर पुढे इथेच येणार होता तो."

इंजेक्शनचा विषय परत निघाला नाही. पुढच्या रविवारी मी गजकला ट्रेनने झांशीला पोचवलं. आई म्हणाल्या, "ये", तो बरगडीला पट्टा बांधलेला तसाच धावला. त्या दिवशी त्या दोन पोळ्या जेवल्या.

मी चौकशी केली. मेकॅनिक म्हणाला, या मॉडेलला सीट हीटर येतच नाही. गाडी विकणाऱ्या दलालाला फोन केला; आधीच्या कुणाकडे मोठा कुत्रा होता का? तो हसला. "मॅडम, इस गाड़ी में तो आदमी पूरा नहीं आता, कुत्ता कहाँ से आएगा?" आधीच्या तिन्ही मालकांचे नंबर बंद आहेत. मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर लिहा, पण 'ताई, तुम्हाला भास झाला' असं लिहू नका. सत्तावीस टाके भासाने पडत नाहीत.

गाडी दुरुस्त होऊन कव्हरखाली उभी आहे. येत्या शनिवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे. शिल्पा तिच्याजवळ जात नाही, भाऊजी तर नाहीच. किल्ली माझ्याकडे दिली आहे. कागदपत्रं, पीयूसी, काच, सीटची सफाई, सगळं यादीत लावून झालं. एक राहिलंय.

दोनदा जाऊन आले. भर दुपारी, एकटी. कव्हर काढलं, किल्ली लावली. काचेवर हात ठेवला, तर काच आतून ओली होती; कुणीतरी श्वास सोडून बसल्यासारखी. त्याने मला काही केलं नाही, हे मला माहीत आहे. जे मी करायला हवं होतं ते त्याने केलं, हेही माहीत आहे. त्याला असं अनोळखी माणसाच्या हाती बंद करून देणं बरोबर नाही. पण बोलावलं, तर तो येईल. माझं तो ऐकतो. आणि एकदा बाहेर आला, की माझ्याच मागे येणार; दुसरं कोण आहे त्याला?

हल्ली मी आधी टिक करत नाही. यादीतली शेवटची ओळ अजून तशीच आहे :

७) डावं दार उघडून 'आजा' म्हणणे.