चालता न येणाऱ्यांची यादी

"पॅराप्लेजिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणक्यातली नस तुटली, कमरेखालचं अंग गेलं. लावणीच्या मजुरीला जाताना आमचा टेम्पो उलटला होता. मी सव्वीस वर्षांची होते.

दवाखान्यातल्या सिस्टरने दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, स्वच्छ ठेवायची. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर होतो. दाबाने कातडी मरून जखम पडते.

२००५च्या जुलैत किन्हवलीकडच्या आमच्या पाड्यात नदी शिरली. नवरा शहापूरला अडकलेला, घरी मी आणि सासू. माणसांना टेकडीवरच्या शाळेत न्यायला आलेला गावकरी दारातूनच म्हणाला, "चालती मानसं आधी. हिला मागून बघू."

पाणी ओटीच्या पायरीला लागलं होतं. मी म्हटलं, "मागून कोन येनार? मला आताच न्या."

सासू माझ्याशेजारी फतकल मारून बसली. "हिला सोडून मी हलत नाय."

मग त्याने आणखी तिघांना हाक मारली, घोंगडीची झोळी झाली, बांबू आला आणि चौघांनी मला वर नेलं.

शाळेत लघवीच्या वासाचं कारण सांगून मला व्हरांड्यात ओल्या फरशीवर टाकलं. मी गुरुजींना बोलावून कूस न बदलल्यास काय होतं ते समजावलं. त्यांनी मला वर्गात घेतलं, खाली तरटं घातली. दर दोन तासांनी ते शाळेची घंटा वाजवत, की दोघी बायका येऊन मला वळवत. रात्री मात्र सगळे थकून झोपत.

चार दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा माकडहाडाशी जखम होती. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "हाडापर्यंत गेली नाही, वेळेत आलात." भरायला अडीच महिने लागले. ते सगळे दिवस मी पालथी पडून होते आणि संताप काही उतरत नव्हता.

बरी झाल्यावर नवऱ्याला सांगून चाकांच्या खुर्चीवरून ग्रामसभेत गेले. म्हटलं, ज्यांना एकट्याने चालता येत नाही त्यांची नावं लिहा, आणि कोणाला कोण उचलणार तेही. एकजण म्हणाला, पूर काय रोज येतो का? नावं लिहून होईपर्यंत मी खुर्ची हलवू दिली नाही. माझ्यासकट सात निघाली. त्यातल्या आंधळ्या आजोबांना पुराच्या वेळी कोणी नेलं होतं, हे सभेत कोणालाच सांगता येईना. शेवटी तेच म्हणाले, एकटाच कुंपणं चाचपत टेकडी चढलो.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर पावसाआधी गावात विचारा, उचलायला कोण येणार. नावानिशी उत्तर मिळेपर्यंत उठू नका.