देवाचं घोंगडं

"तुला काय पाठ करायचंय? तू मेंढरू. बें बें करायचं, बस."

गुरुजी असं म्हणाले अन् अख्खा वर्ग खिदळला. मी बी हसले. कावून हसले, देव जाणे. आजबी आठवलं की लाज वाटती.

वडवणीची आमची शाळा. गावात नुकताच केबलचा टीव्ही येऊ लागला व्हता. शाळेत एक लोखंडी कपाट व्हतं, पोरांच्या जुन्या मासिकांनी अन् गोष्टीच्या पुस्तकांनी गच्च भरलेलं. कायम कुलूप. त्या साली वरून हुकूम आला म्हणं, पोरांनी जुन्या गोष्टी वाचाव्यात, नाटकं करावीत. कपाट उघडलं. दुकानदारांच्या पोरांना पुस्तकं मिळाली. मी हात पुढं केला तर गुरुजी म्हणाले, "तू लांबून ऐक. मेंढराचा वास लागंल कागदाला."

आमी मेंढरंवाले. वास यायचाच. पण एका पुस्तकात लांडगा-मेंढराची गोष्ट व्हती, त्याच्या चित्रातला लांडगा मला लई जवळून बघायचा व्हता. "त्या गोष्टीच्या नाटकात मेंढराचं काम नीट केलंस तर देईन हातात," गुरुजी बोलले. म्हणून मेंढरू व्हायला तयार झाले.

त्यांनी घरनं घोंगडं आणायला सांगितलं. आईला वाटलं, पुस्तकाची पूजा आसंल. आमच्यात घोंगडं आंथरून त्याच्यावर देव मांडत्यात. तिनं देवाचंच घोंगडं झटकून, घडी घालून दिलं. "पायाखाली येऊ देऊ नको, बाई," म्हणाली.

नाटकात तेच माह्या पाठीवर टाकलं. मी हातापायावर. पेढीवाल्याचं पोरगं धनगर झालतं, काठीनं ढोसत व्हतं. घोंगड्याचं टोक त्याच्या बुटाखाली. लोक पोट धरून हसत व्हते. मी बें बें केलं. तेवढ्यात दाराशी आई दिसली. तोंडात पदर धरून उभी. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

मी उठले.

"ए, खाली बस!" गुरुजी वरडले.

"मी मेंढरू न्हाई."

आवाज चिरकला माहा. घोंगडं झटकलं, तिथंच आंथरलं. टेबलावरचं ते लांडग्याचं पुस्तक उचलून त्याच्यावर ठेवलं, मांडी घातली अन् मोठ्यानं वाचाया लागले. अडखळत. गुरुजींनी पुस्तक हिसकलं, पान फाटलं, माह्या थोबाडीत बसली. लांडगा अर्धाच बघितला मी.

आता ह्याच तालुक्यात मी बाई हाय, शाळेतली. माह्या वर्गात पुस्तकं घोंगड्यावर पसरलेली. पोरं शेणामातीच्या हातानं येत्यात, जुनी गोष्ट मोडून नवी रचत्यात. त्यांच्या गोष्टीत मेंढरू लांडग्याला जाब विचारतं. पानं मळत्यात. मळू द्या.

परवा तपासणीला साहेब आले. म्हणाले, "बाई, पुस्तकं खराब व्हायलीत. कपाटात ठिवा, कुलूप लावा."

मी म्हणाले, "कुलूप मी इहिरीत टाकलंय, साहेब. बदली करायची तर करा."