आत्याच्या गोळ्या आणि माझं पत्रक

अन्याय झाला माझ्या आत्यावर. सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, बडोद्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर. दोन महिन्यांच्या गोळ्यांऐवजी तिच्या हातात पंधरा दिवसांच्या ठेवल्या. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, खिडकीमागच्या कंपाउंडरकाकांवर अन्याय झाला. तो मी केला.

आत्याला फिट्स येतात. ती डभोईला एका शाळेत मुलांचं दुपारचं जेवण शिजवते, म्हणजे सकाळभर पेटत्या शेगडीसमोर. गोळी चुकली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. डॉक्टर दोन महिन्यांच्या गोळ्या लिहायचे, खिडकीवर तेवढ्या मिळायच्या. मग वरून हुकूम आला: सगळ्या दवाखान्यांची औषधं एकाच कॉम्प्युटरवरून सुटतील, आणि एका वेळी पंधरा दिवसांच्या वर कुणालाच नाहीत. पाणीगेटहून चालत येणारा आणि डभोईहून बसने येणारा, दोघांना एकच माप. मी शिकले त्या विद्यापीठातही हेच. प्रवेश वरून, नेमणुका वरून. विचारलं की ‘ऊपरथी छे’. वर कोण बसलंय, ते कुणी सांगत नाही.

त्या सोमवारी मी आत्याबरोबर होते. काकांच्या शेजारी तपासणीचे एक साहेब खुर्ची टाकून बसले होते. काकांनी मान वर न करता गोळ्या पुढे सरकवल्या.

‘दोन महिन्यांच्या लिहिल्यात. वाचता येतं ना?’ मी आवाज चढवला.

‘बेन, बपोर पछी आवजो.’

‘का? दुपारनंतर नियम बदलतो?’

रांग हसली. आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. काकांनी पटकन ड्रॉवर बंद केला, पण आतला रबर लावलेला केसपेपरांचा गठ्ठा मी पाहिला होता.

आत्या बस पकडायला गेली. मी सुभानपुऱ्याला घरी येऊन लिहायला बसले. आमच्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिली गोष्ट सांगतात: एक चेहरा द्या. ‘व्यवस्था’ म्हटलं की लोक कागदाची पुडी बांधतात. मी चेहरा दिला. कोणती खिडकी, अडवून ठेवलेले केसपेपर, ‘दुपारी या’, सगळं छापलं. आत्याला एक फोन केला नाही. गुरुवारी दवाखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटली. शुक्रवारी साहेबांनी ड्रॉवर उघडायला लावला आणि काकांची खिडकी गेली.

रात्री आत्याचाच फोन आला. ‘अगं बये, ते केसपेपर आमचेच! आम्हीच ठेवायला दिलेत. ते दर पंधरा दिवसांनी आमच्या नावाची नोंद टाकायचे आणि गोळ्या आधीच देऊन ठेवायचे. लांबच्या सगळ्यांना. साहेब उठले की देणार होते, पण तुझ्या भांडणानंतर साहेब हलेनात, म्हणून मी तशीच बस धरली. मी चिमटा कशाला काढला होता, मुंगी चावली म्हणून?’

मी माफीचं पत्र घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ‘मारा हाथमां कंई नथी, बेन,’ ते म्हणाले. काका मागच्या गोदामात खोकी मोजत होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, ‘सारुं लखो छो, बेन. अमे पण वांच्युं, साहेबे पण वांच्युं.’ छान लिहिते म्हणे मी; त्यांनीही वाचलं, साहेबांनीही वाचलं. आणि ते पुन्हा मोजायला लागले.

नियम होता तिथेच आहे. पंधरा दिवस भरत आले तेव्हा आत्याने रजा मागितली, तर शाळा म्हणाली, दुसरी बाई बघतो. आत्या गोळ्या घ्यायला आली नाही. उरलेल्या गोळ्या मोडून अर्ध्या अर्ध्या खातेय आणि शेगडीसमोर उभी राहतेय.

किती दिवसांची गोळी द्यायची, हे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवावं. मागणी एवढीच आहे. तुमच्या घरात कुणाची कायमची गोळी चालू असेल, तर खिडकीवरच्या माणसाशी भांडू नका. हुकूम लेखी मागा. खाली सही कुणाची आहे ते वाचा आणि त्या माणसाच्या नावाने अर्ज टाका. गुजरातीत टाका, मराठी तिथे कुणी वाचणार नाही. आणि उद्याच टाका.