दातांची पट्टी आणि आत्याबाईंचं सोवळं

माझे वरचे चार दात लहानपणी ओठांना जुमानत नसत. विलायतेची राणी अजून गादीवर होती त्या काळातली ही गोष्ट. आमच्या कल्याणात दात किडायचे, हलायचे, पाडले जायचे. पण ते सरळ करून घेता येतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. मला पाहायला आलेल्या दोन स्थळांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या, तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून असलेल्या माझ्या वडिलांनी चौकशी सुरू केली. मुंबईत कोटामध्ये, म्हणजे फोर्टात, एक पारशी डॉक्टर हे काम करतात असं कळलं आणि ते मला घेऊन आगगाडीत बसले.

डॉक्टर फटकळ होते, पण त्यांनी काही लपवलं नाही. वर्षभर तरी लागेल, म्हणाले. दातांना तार बांधायची, दर महिन्याला ती आवळली की दोन-तीन दिवस ठणका लागेल आणि काही चावता येणार नाही. पण खरी परीक्षा दात सरळ झाल्यावरच. दात जुन्या जागी परतायला बघतात, म्हणून टाळूला रबराची पट्टी बसवून ती आणखी वर्षभर वापरायची, फक्त जेवताना आणि न्हाताना काढायची. यात हयगय झाली तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका, असं त्यांनी बजावलं. वडिलांनी सगळं कागदावर लिहून घेतलं.

सगळं तसंच झालं. तार आवळून आले की मी भिंतीला डोकं टेकून रडत बसे. माझी आई मी रांगत असतानाच गेली होती. घर विधवा आत्याबाई सांभाळत. गुरगुट्या भात, वर तूप-मेतकूट, असं त्या मला लहान बाळासारखं भरवत. दातही होते, चणेही होते, पण खायची परवानगी नव्हती. तेरा-चौदा महिन्यांनी एक दिवस माझे ओठ आपोआप मिटले. मी दिवसभर आरशासमोरून हलले नाही. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही.

मग पट्टी आली आणि आत्याबाईंचं सोवळं आडवं आलं. तोंडातून काढलेली वस्तू उष्टी, त्यात रबर म्हणजे काय हेही ठाऊक नाही. त्यामुळे माझं पान दाराशी, सगळ्यांपासून लांब. हा नियम त्यांचाच, आणि त्याचा त्रासही, मला वाटतं, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होत असे. वाढताना त्या माझ्याकडे बघतसुद्धा नसत.

गौरीजेवणाच्या दिवशी मी न्हायला गेले असताना त्यांनी पट्टी चिमट्यानं उचलली, राखेनं घासली आणि चुलीवर उकळत ठेवली. विस्तव लागला की सगळं शुद्ध, हे त्यांचं शास्त्र. केळीच्या पानावर ती ठेवून माझ्यापुढे धरली तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "आता पंगतीत बसायचं हो आमच्या," म्हणाल्या.

पट्टी भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती. ती टाळूला बसेना. पण त्यांच्या त्या चेहऱ्याकडे बघून हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी पंगतीत बसले, पुरणपोळी खाल्ली आणि पट्टी पेटीत लपवली.

दसऱ्यापर्यंत दात पुन्हा पुढे दिसू लागले. वडील संतापले. पोरीनं हयगय केली, आता कुठल्या तोंडानं डॉक्टरकडे जायचं, असं बोलत राहिले. मी मूग गिळून उभी. आत्याबाईंनी पट्टी मागितली, उलटसुलट करून पाहिली आणि ती उकळण्यानं वाकल्याचं त्यांच्या लक्षात आलं. लगेच भावाला म्हणाल्या, की उद्या डॉक्टरकडे मीही येते.

सोवळ्यापायी त्या जन्मात आगगाडीत बसल्या नव्हत्या. परपुरुषाशी बोलणंही नाही. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता, लाल आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढून त्या आमच्याबरोबर आल्या. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि ही गरम पाण्यात कुणी घातली, असं मला दरडावून विचारलं. मी मान खाली घातली, तशा त्या पुढे झाल्या.

"मी उकळली. पोर माझं नाव झाकत बसली. शिक्षा करायची ती मला करा, पण तिचे दात असे अर्ध्यावर सोडू नका."

डॉक्टरांनी वाकडी पट्टी बाजूला ठेवली. मग दात मागे रेटणाऱ्या नव्या पट्टीचं माप घ्यायला त्यांनी मेण मऊ करायला घेतलं आणि मला तोंड उघडायला सांगितलं.

नवी पट्टी घेऊन आलो त्या दिवशी, जेवायला बसताना मी सवयीनं दाराकडे निघाले. आत्याबाईंनी मला वडिलांशेजारच्या पाटावर बसवलं. मी पट्टी काढली, ओली, लाळेनं माखलेली. ती कुठे ठेवावी म्हणून मी इकडेतिकडे बघत होते. आत्याबाई सोवळ्यात होत्या. त्यांनी तळहात पुढे केला.

"दे इकडं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात राहू दे."