दसऱ्याला पुजलेली गिटार

दसऱ्याच्या सकाळी कोयता, विळा आणि बाबांच्या करवतीशेजारी पाटावर ती आडवी ठेवलेली असे — काळसर लाल, पोकळ पोटाची, बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार. झेंडूचा उग्र वास, ओल्या हळदीचा वास आणि तिच्या जुन्या लाकडाचा... कोणता कुठे संपायचा, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

बाबा गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात सुतारकाम करत आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या बँडमध्ये ती वाजवत. त्यांच्या तरुणपणी अशा गिटारला फार मान होता म्हणे. ती आहे का, हे विचारूनच लोक बँडला सुपारी देत. तारांच्या सहा जोड्या; जोडीतल्या दोघी एकदम बोलत आणि सूर खाडीवरच्या उन्हासारखा थरथरे. जुळवायला मात्र तासभर लागे. आई म्हणायची, "अवो, नवरी सासरी पोचली, तुमचं पिळनं चालूच!" बाबा हसत खुंट्या पिळत राहायचे.

मी आठ वर्षांची असताना पूजेचं पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मोठ्या भक्तिभावाने तिच्या पोटावरच्या वेलांटीसारख्या भोकातून आतही ओतलं — नाहीतर देव आत कसा पोचणार? दुसऱ्याच दिवशी नायगावच्या एका ख्रिस्ती लग्नात, माझ्यादेखत, ती खरखरली आणि गप्प झाली. बँडचे पीटरकाका म्हणाले, "राहू दे रे, कीबोर्डवर एक बटन दाबलं की बाराही तारा हजर!" सगळे हसले. बाबाही. त्यानंतर ती कपाटावर गेली, आणि मी कुणालाच काही सांगितलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यंदा शेवटच्या वर्षाला आहे. परवा धीर करून म्हटलं, "बाबा, गिटार माझ्यामुळे बंद पडली. आत पाणी मी ओतलं होतं."

"ते पानी? अगं बाय, लग्नावरून आल्यावर खोलून सुकवली मी. चांगली वाजली."

"मग वाजवत का नाही?"

"कोनी बोलावलंच नाय." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि ते दूध आणायला गेले.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चूक माझी होती तोवर, पाणी ओतलं नसतं तर बाबा आजही वाजवत असते, असं तरी मनाशी धरता येत होतं. आता माफी कुणाची मागायची, आणि कशाबद्दल... मला खरंच कळत नाही.